सांडपाण्याला हवा कशासाठी?



साखर कारखान्याच्या आवारात सांडपाण्याच्या हौदावर पाणी उडवीत फिरणारी यंत्रे आपण पाहिली असतील. पाणी थंड करण्यासाठी ती असावीत, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः त्या हौदातील असंख्य जीवाणूंना प्राणवायू पुरविणे, हे त्यांचे कार्य होय. १९१४ साली मँचेस्टर येथे अर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली आणि तळाशी बसलेला गाळ फेकून न देता पुनःपुन्हा वापरला. त्या गाळातील जीवाणू घाण झपाट्याने फस्त करतात, असे त्यांना आढळून आले. या हौदांमागील तत्त्व तेच आहे.

अडचण अशी, की प्राणवायू पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. ३० अंश सेल्सिअसच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात हवेतून जेमतेम साडेसात मिलिग्रॅम उतरतो. म्हणून बुडबुडे बारीक करावे लागतात. ८ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा फोडून १ मिलिमीटरचे बुडबुडे केले, तर ते ५१२ होतात आणि हवेचा पाण्याशी येणारा स्पर्श आठपट वाढतो. (शिक्षकांनी हा हिशेब वर्गात अवश्य करवून घ्यावा.) शिवाय पाणी सतत ढवळले गेले पाहिजे, अन्यथा गाळ कोपऱ्यात साचून कुजतो.

प्रक्रिया केंद्रातील निम्मी किंवा त्याहून अधिक वीज बहुधा याच कामी खर्च होते. साहजिकच काटकसरीचा पहिला मोह येथे होतो व रात्री यंत्रे बंद ठेवली जातात. जीवाणूंना मात्र रात्रीची सुट्टी नसते! अर्धवट शुद्ध झालेले पाणी ओढ्यात गेले, की तेथील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरून मरतात. लोक त्याला विषबाधा समजतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आणखी कमी मावतो, आणि गळीत हंगामाचे अखेरचे दिवस नेमके उन्हाच्या तोंडावर, ओढे आटत असताना येतात.

राज्यात जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ साली झाला, केंद्राचा १९७४ साली. पाण्याचे नमुने तपासणे हे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम खरे. तथापि पंचायत सदस्यासही प्रयोगशाळेवाचून काही ओळखता येते. निरोगी गाळ तपकिरी असतो व त्याला ओल्या मातीचा वास येतो. तो काळा पडून सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सुटली, तर हवा अपुरी पडत आहे असे समजावे. कारखान्याची परवानगी घेऊन भेट द्यावी, ती शक्यतो पहाटे. आणि यंत्रांना स्वतंत्र वीजमीटर असल्यास त्याची नोंदवही पाहण्यास मागावी.