कोपराचे दुखणे आणि पेशींची सुई
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना शिकविणारा मी एक साधा शिक्षक. मी वैद्यकाच्या विषयावर बोलावे हे कोणाला धारिष्ट्याचे वाटेल. परंतु हा विषय माझ्या घरात येऊन बसला, आणि तो आपणांपैकी अनेकांच्या घरी येण्यासारखा आहे, म्हणून हे धारिष्ट्य करीत आहे.

आपली सुताराची ज्ञाती. मुले शिकली, नोकऱ्यांना लागली, तरी आजही कित्येक घरांची चूल रंधा, करवत, पटाशी आणि हातोडी यांवरच पेटते. माझा धाकटा बंधू त्यांपैकीच एक. तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा कोपर बाहेरच्या अंगाने दुखू लागला. प्रथम स्क्रू आवळताना, मग रंधा मारताना, आणि पुढे पुढे तर पाण्याचा तांब्या उचलतानाही कळ येऊ लागली. २००४ साली सचिन तेंडुलकर ज्या 'टेनिस एल्बो'ने मैदानाबाहेर बसला, तेच हे दुखणे. नाव टेनिसचे असले तरी हातोडी मारणाऱ्या सुताराला आणि कपडे पिळणाऱ्या गृहिणीलाही ते सोडीत नाही.

बंधूने स्टेरॉइडची सुई घेतली. आठ दिवसांत हात हलका झाला आणि तो पुन्हा कामावर गेला. चार महिन्यांनी दुखणे पूर्वीपेक्षा वाढून परत आले. तेवढ्यात शहरातील एका दवाखान्यात त्याला सांगण्यात आले की, शरीरातील मूलपेशी, ज्यांना स्टेम सेल म्हणतात, त्या काढून कोपरात टोचल्या म्हणजे झिजलेला भाग नवा होतो. खर्च दीड लाख रुपये. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "दादा, हिचे गंठण मोडतो, पण एकदाचा हात मोकळा करतो. तुम्ही काय म्हणता?"

मला काय म्हणावे ते सुचेना. माझी भाची फिजिओथेरपी शिकलेली आहे. तिला मी घरी बोलावले आणि शाळेत मुलांना विचारीत असे तसा एकेक प्रश्न विचारला. जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

स्नायू हाडाला ज्या चिवट दोरीने बांधलेला असतो, तिला कंडरा म्हणतात. कंडरा निरोगी असेल तर तिचे तंतू चांगल्या सागाच्या रेषांसारखे सरळ, एकमेकांशेजारी बसलेले असतात. जुनाट दुखण्यात हेच तंतू गाठीच्या लाकडाप्रमाणे वेडेवाकडे होतात. कंडरेत पेशी थोड्या आणि रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे ती भरून येण्यास महिनेच्या महिने लागतात. त्यात सूज फारशी नसतेच. म्हणून सूज दाबणारे स्टेरॉइड तात्पुरता आराम देते, परंतु मूळ बिघाड तसाच राहतो. ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचे दुखणे वर्षभरात उलटले. खोटी सुई घेतलेल्यांत हे प्रमाण अवघे १२ टक्के होते. बंधूचा अनुभव हाच नव्हे काय?

मग शास्त्रज्ञांच्या मनात आले की, कंडरेत पेशी थोड्या आहेत तर त्या बाहेरून का देऊ नयेत? विचार सयुक्तिक आहे, आणि त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी गुडघ्याच्या कंडरेतून सुईने लहानसा तुकडा काढून, त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवून, सोनोग्राफीत पाहत त्या कोपराच्या कंडरेत टोचण्यात आल्या. इतर उपायांनी बरे न झालेले वीस रुग्ण त्यात होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांच्या वेदना पुष्कळ कमी झाल्या आणि मुठीची शक्ती वाढली. वृत्त आशादायक खरेच. परंतु सुई न घेतलेल्या रुग्णांचा गट तुलनेसाठी त्यात नव्हता.

तुलनेचे एवढे महत्त्व का? कारण टेनिस एल्बोचे बहुसंख्य रुग्ण वर्ष-दीड वर्षात आपोआपच सुधारतात. मग जो बरा झाला तो सुईने की काळाने, हे कळावे कसे? रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, गोळा करून टोचण्याच्या पीआरपी नावाच्या उपचाराची गोष्ट पाहा. त्याचाही मोठा गाजावाजा झाला. पुढे टाचेच्या जुनाट दुखण्याच्या २४० रुग्णांवर ब्रिटनमध्ये रीतसर चाचणी झाली. निम्म्यांना खरी सुई दिली, निम्म्यांना केवळ देखाव्याची. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कोपराच्या दुखण्यावरील ३२ चाचण्या एकत्र तपासण्यात आल्या. त्यांतही रक्ताच्या आणि बिंबिकांच्या सुयांचा म्हणण्यासारखा लाभ आढळला नाही. आशा आणि पुरावा यांत केवढे अंतर असते, हे यावरून कळते.

आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली मूलपेशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रक्ताच्या ठराविक विकारांसारखे मान्य उपचार वगळता मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच व्हावा, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा कोणी अशी सुई देऊ केली तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. पेशी कोणत्या, आणि कोठून काढणार? तुलनेचा गट ठेवून यावर चाचणी झाली आहे काय? आणि हा प्रयोग असेल तर त्याची सरकारी नोंद कोठे आहे? अशा चाचण्यांची नोंदवही देशात आहे आणि ती कोणासही पाहता येते. माझ्या मते, जो प्रयोग आहे त्याचे पैसे रुग्णाच्या बायकोच्या गळ्यातून निघणे न्याय्य नव्हे.

हे तीन प्रश्न बंधूने दवाखान्यात विचारले. उत्तरादाखल त्याला बरे झालेल्यांची छायाचित्रे दाखविण्यात आली. तो गंठण न मोडता परत आला.

मग उपाय कोणता? स्वीडनमधील डॉ. होकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली टाचेच्या कंडरेच्या जुनाट दुखण्यावर १५ धावपटूंना बारा आठवडे केवळ टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम दिला, आणि ते पुन्हा धावू लागले. कंडरेला योग्य भार हळूहळू दिला तर ती बळकट होते, हे तत्त्व तेव्हापासून सर्वत्र मान्यता पावत गेले. कोपरासाठीही वजन घेऊन मनगट सावकाश वरखाली करण्याचे व्यायाम आहेत. ते जाणकाराकडूनच शिकावेत. मात्र एकाएकी काही तुटल्यासारखे वाटले, बोटे बधिर झाली किंवा सांधा सुजून ताप आला, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

परंतु बंधुहो, खरी अडचण व्यायामाची नाही. बंधू मला म्हणाला होता, "दादा, तीन महिने हात जपायचा, तर घरात काय शिजवायचे?" रोजंदारीच्या माणसाला थांबणे परवडत नाही, म्हणून तो झटपट सुईमागे धावतो. त्या वेळी आपल्याच ज्ञातीतील एका ठेकेदारांनी त्याला चार महिने मापे घेण्याचे आणि देखरेखीचे काम दिले. त्या अवधीत त्याने नेमाने व्यायाम केला. आज तो पुन्हा रंधा मारतो. थंडीत अजून कळ येते, आणि जड पाट एकट्याने उचलीत नाही. हा गुण व्यायामाचा की काळाचा, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आताच मी तुलनेचे महत्त्व सांगितले, ते मलाही लागू आहे. परंतु गंठण घरात राहिले, एवढे खरे.

म्हणून माझी मंडळास नम्र विनंती आहे. आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून अशा सिद्ध न झालेल्या सुयांसाठी पैसे देऊ नयेत; त्याऐवजी हात दुखावलेल्या कारागिराच्या घरी तीन महिने शिधा पोहोचावा, आणि कारखानदार व ठेकेदार बंधूंनी त्याला तेवढे दिवस हलके काम द्यावे. पेशींचे शास्त्र उद्या सिद्ध झाले तर त्याचा लाभ आपण आनंदाने घेऊ. तोवर थांबण्याचे बळ एकमेकांना देणे आपल्या हाती आहे.