स्वयंसेवकाच्या श्रमाचे मोल : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील साक्षरता
(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. तेथे १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती आणि दुसऱ्या सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपास आणले. ग्रंथ मात्र महालात होते. त्याच कावेरीच्या पाण्यावर भाताची लावणी करणाऱ्या भूमिहीन मजुरांपर्यंत अक्षर पोहोचण्यास फार काळ जावा लागला.

२०११ च्या जनगणनेनुसार तमिळनाडूची साक्षरता ८०.०९ टक्के होती, पुरुषांची ८६.७७, तर स्त्रियांची ७३.४४ टक्के. तंजावर जिल्हा राज्याच्या सरासरीच्या काहीसा पुढे होता. जनगणनेत सात वर्षे व त्यावरील जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकते तिलाच साक्षर धरले जाते, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे. सरासरी वाढत गेली की मागे राहतात त्या मुख्यतः शाळेचे वय उलटून गेलेल्या कष्टकरी स्त्रिया. त्यांना पुन्हा शाळेत आणणे शक्य नसते. शाळेलाच त्यांच्या वस्तीत जावे लागते.

हे काम स्वयंसेवक करू शकतात, हे प्रथम केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्याने १९९० मध्ये दाखवून दिले. राष्ट्रीय साक्षरता मिशन त्यापूर्वी, ५ मे १९८८ रोजी स्थापन झाले होते. १९९१ मध्ये तंजावरला लागून असलेल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात ‘अरिवोळी इयक्कम’ म्हणजे ज्ञानप्रकाश चळवळ सुरू झाली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी तीत स्त्रियांना सायकल शिकविण्याचा समावेश केला. वरवर पाहता सायकलचा अक्षरांशी काय संबंध? परंतु वर्गाला जाण्यासाठी, बाजार गाठण्यासाठी कोणावर अवलंबून राहावे लागू नये, ही त्यामागील दृष्टी होती. हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. दगडखाणींचे ठेके महिला गटांना देण्यात आल्यावर हिशेब वाचता येणे ही त्यांची रोजची गरज बनली. अक्षर टिकते ते अशा गरजेमुळेच. गरज नसेल आणि पाठपुरावाही थांबला, तर नवसाक्षर पुन्हा निरक्षर होतात.

त्रिभुज प्रदेशातील गावांत वर्गाचे वेळापत्रक पिकावर ठरते. मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेप्रमाणे १२ जूनला सोडले जाते. मग कुरुवै आणि त्यामागोमाग सांबा हंगामाची लावणी. लावणी बहुतांशी स्त्रियांच्या हातची. दिवसभर चिखलात वाकलेली बाई रात्री पाटी घेऊन बसणार नाही. हे त्याच वस्तीतील स्वयंसेविकेला सांगावे लागत नाही. ती वर्ग पुढे ढकलते आणि हंगाम संपताच पुन्हा भरविते. कार्यालयातून ठरलेल्या वेळापत्रकाला ही लवचिकता सहसा नसते.

कोविडनंतर, ऑक्टोबर २०२१ मध्ये तमिळनाडू शासनाने ‘इल्लम तेडि कल्वी’ (घरोघरी शिक्षण) ही योजना मुलांसाठी सुरू केली. प्रारंभीच्या प्रायोगिक जिल्ह्यांत तंजावरचाही समावेश होता. सुमारे दोन लाख स्वयंसेवक, प्रामुख्याने स्त्रिया, संध्याकाळी साधारण वीस मुलांना शिकवू लागल्या. मानधन महिना १,००० रुपये. ग्रामीण तमिळनाडूतील सुमारे १९,००० मुलांच्या पाहणीवरून अभिजीत सिंग, मॉरिसियो रोमेरो व कार्तिक मुरलीधरन या अर्थतज्ज्ञांनी असा अंदाज काढला, की शाळा उघडल्यानंतर सहा महिन्यांत सुमारे दोन-तृतीयांश शैक्षणिक तूट भरून निघाली आणि त्या भरपाईतील २४ टक्के वाटा या वर्गांचा होता.

आता खर्च पाहू. येथे दर मुलामागे मानधनाचा खर्च महिना ५० रुपये येतो. याउलट, प्रौढांसाठीच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात २०२२ ते २०२७ साठी १,०३७.९० कोटी रुपयांची तरतूद आणि पाच कोटींचे लक्ष्य आहे. म्हणजे दर शिकणाऱ्यामागे एकूण सुमारे २०८ रुपये. इतक्या थोडक्यात काम भागते, कारण शिकविणाऱ्याचे श्रम शून्य किमतीचे धरले आहेत. कर्तव्यबुद्धी मोठीच, पण बारावी शिकलेल्या ग्रामीण स्त्रीची संध्याकाळ फुकट नसते. तीत स्वयंपाक, जनावरे, शिवणकाम असते. हजार रुपयेही २०२१-२२ च्या तमिळनाडूतील रोजगार हमीच्या २७३ रुपये दराने चार दिवसांच्या मजुरीहून कमीच भरतात.

मानधनालाही धोका आहे. तेच एकमेव आकर्षण ठरल्यास स्वयंसेविका ही स्वस्तातली शिक्षिका होऊन बसेल आणि रिक्त पदे भरण्याचे टळत राहील. तेव्हा मानधन प्रौढवर्गापुरते व ठरावीक मुदतीचे असावे, नियमित अध्यापनाला पर्याय म्हणून नव्हे. आणि त्याची रक्कम कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दिसली पाहिजे.