टीव्ही घेण्याआधी छपराकडे बघा



रेडिओवर बसून टीव्ही कुठला घ्यावा हे सांगायचं म्हणजे सवतीला साडी निवडून दिल्यासारखं आहे. पण विषय आकाशवाणीनेच दिलाय, तेव्हा मोकळेपणाने बोलतो.

मी सावर्ड्याचा. रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत आयुष्य गेलं. आमचं गाव चिपळूण तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर. बाजारपेठ हायवेला चिकटलेली आणि वाड्या मात्र उतारावर, झाडीत. गणपती जवळ आले की दुकानांपुढे टीव्हीची खोकी उतरतात, चाकरमान्यांचे फोन सुरू होतात आणि मला प्रत्येक जण एकच विचारतो, “किती इंची घेऊ?” मी उलट विचारतो, “घर कुठल्या वाडीत? दारात झाडं कुठली? वर्षातले किती महिने घराला कुलूप असतं?” समोरच्याला वाटतं, म्हाताऱ्याला नको त्या चौकशा. पण टीव्हीचं सगळं गणित त्यातच आहे. चित्र तुमच्या घरापर्यंत कशातून येणार हे आधी ठरवावं, टीव्ही मग निवडावा. लोक नेमकं उलटं करतात.

मागच्या गणपतीत शेजारच्या वाडीतला एक मुलगा मुंबईहून पंचावन्न इंची फोर-के टीव्ही घेऊन आला. दुसऱ्या दिवशी दारात हजर. “काका, जरा येऊन बघा ना. दुकानात काय सुंदर दिसत होता, इथं माणसांची तोंडंच नीट दिसत नाहीत.” गेलो. टीव्ही उत्तम होता. मागे मात्र जुनाच बॉक्स, आणि तो जोडलेला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरने. आता बघा, साध्या चॅनेलच्या चित्रात आडव्या ओळी असतात ५७६. फोर-के पडद्याला लागतात २१६०. मधल्या ओळी टीव्ही आपल्या अंदाजाने भरतो, आणि पडदा जेवढा मोठा तेवढा तो अंदाज उघडा पडतो. त्याला एचडी बॉक्स आणि एचडीएमआय वायर घ्यायला लावली. चित्र सुधारलं. तरी त्याच्या आईचं मत असं की जुना एकवीस इंची बरा होता, कारण तो चालू करायला रिमोट एकच लागायचा. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आपल्याकडे ते चित्र धरायचं म्हणजे छपरावर पाइप, पाइपावर अँटेना, अँटेनाला बूस्टर, आणि एवढं करून पडद्यावर मुंग्या. एक जण वर पाइप फिरवणार, दुसरा खालून ओरडणार. ती जमिनीवरची ॲनालॉग प्रक्षेपणं दूरदर्शनने २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी बंद केली, त्यामुळे छपरावर तो सांगाडा अजून असेल तर उतरवून भंगारात द्या. विजेला आमंत्रण नको. नव्वदीत केबल आली. २००३ मध्ये डिश टीव्ही आला आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची फुकट छत्री आली, जिला आता डीडी फ्री डिश म्हणतात. खेड्यापाड्यांतली केबलही २०१७ च्या मार्चअखेर डिजिटल करायचा हुकूम निघाला. म्हणजे बॉक्स आता दोन्हीकडे आहे.

मग केबल की डिश?

कोकणात या प्रश्नाचं उत्तर पाऊस देतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. घरावरची छोटी डिश ज्या लहरी पकडते त्या अकरा-बारा गिगाहर्ट्झच्या, म्हणजे कू-बँडच्या. त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. पावसाचे टपोरे थेंब त्या लहरी शोषतात आणि विखरून टाकतात. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर आहे. तेवढं अंतर सिग्नल सुखरूप येतो आणि शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत, ढगात आणि सरींत, मार खातो. केबलवाल्यांच्या मुख्य केंद्रावर मोठमोठ्या डिश असतात. बरेचसे चॅनेल ते चार गिगाहर्ट्झच्या आसपासच्या सी-बँडवर घेतात. त्या लहरी तिप्पट लांब, त्यांना पाऊस फारसा बाधत नाही. म्हणून मुसळधार सरीत डिशवाल्याचा पडदा काळा होतो आणि केबलवाला शेजारी निवांत मालिका बघत असतो.

पण त्याने फार हसू नये. केबल त्याच्या घरी येते ती झाडांवरून, खांबांवरून. आगोटीच्या वादळात एक फांदी पडली की अख्खी वाडी बंद. वाटेत ॲम्प्लिफायर असतात, त्यांना वीज लागते. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी खांबावरच्या ॲम्प्लिफायरची लाईट गेली की तुमचा टीव्ही गेला. डिशचं तसं नाही. इन्व्हर्टर असेल तर गावात मिट्ट अंधार असतानाही बातम्या बघता येतात, आणि कोकणात बातम्यांची गरज लागते ती नेमकी अशाच वेळी. शिवाय हायवेच्या चौपदरीकरणात जेसीबीने वायर किती वेळा तोडली याचा हिशेब ठेवायचा तर वही पुरायची नाही.

मग केबलच्या बाजूने काय? माणूस. केबलवाला गावातला असतो. त्याचा नंबर तुमच्याकडे असतो, त्याचं घर माहीत असतं, वेळ पडली तर त्याच्या वडिलांकडे तक्रार करता येते. डिशची तक्रार करायची तर फोनवरची बाई आधी भाषा निवडायला सांगते, मग ग्राहक क्रमांक विचारते, आणि तंत्रज्ञ चिपळुणाहून येईपर्यंत मालिकेतलं लग्न लागून गेलेलं असतं. केबलवर स्थानिक चॅनेल असतो, त्यावर शिमग्याची पालखी दिसते, विसर्जन दिसतं. आणि हल्ली हायवेच्या कडेने फायबर आलंय. एकाच वायरीवर टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही मिळत असेल तर केबलचं पारडं जड होतं.

माझं मत विचाराल तर बाजारपेठेत आणि हायवेच्या आसपास राहणाऱ्याने केबल घ्यावी. वरच्या वाडीत, जिथे शेवटचं घर शेवटच्या खांबापासून दोन शेतं लांब आहे, तिथे डिश.

डिश घ्यायची ठरली की आधी अंगणात उभं राहून वर बघायचं. फ्री डिशचे चॅनेल जीसॅट-१५ वरून येतात. तो ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे सावर्ड्यातून बघताना आग्नेयेला, घाटाच्या अंगाला, आणि क्षितिजापासून साधारण साठ अंश वर. डोंगर आड येत नाही, आड येतो तो फणस. ढोबळ हिशेब सांगतो. आग्नेयेला दहा फुटांवर झाड असेल तर ते डिशपेक्षा सतरा फुटांहून उंच नको. वीस फुटांवर असेल तर चौतीस. दुसऱ्या कंपनीचा उपग्रह आकाशात याहून खाली असेल तर हा हिशेब आणखी कडक होतो, ते बसवणाऱ्याला विचारा. डिशकडे बघून अंदाज बांधू नका. ती समोर बघतेय असं वाटतं, पण तिचा आकारच तिरका घेतलेला असतो आणि ती खरं म्हणजे बरीच वर बघत असते. आणि झाड वाढतं हे विसरू नका. मे महिन्यात मोकळी दिसणारी जागा दोन पावसाळ्यांत पालवीने भरून जाते.

बसवणारा मुलगा घाईत असतो. चित्र दिसलं की म्हणतो, झालं काका. त्याला तसा सोडू नका. बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, एक ताकदीची आणि एक दर्जाची. दर्जाची पट्टी जेवढी वर नेता येईल तेवढी न्यायला सांगा. कोरड्या हवेत काठावर चालणारी डिश जूनच्या पहिल्या सरीत मान टाकते. झाडीत, अडचणीच्या जागी साठ सेंटिमीटरच्या जागी नव्वदची डिश लावली तर पावसातही बराच तग धरते. वायर घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्यायला लावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, पिनेत शिरणार नाही. आणि पाइप भिंतीत पक्का ठोकून घ्या. आपल्याकडे वानरं आहेत. त्यांना डिशवर बसायला फार आवडतं, आणि एक वानर उडी मारून गेलं की उपग्रह हुकला.

आता कुलूपबंद घरांचं. आपल्या वाड्यांत कितीतरी घरं गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरतीच उघडतात. त्यांनी महिन्याचं भाडं कशाला भरावं? फ्री डिशचं साहित्य एकदा साधारण दोन हजारांत घ्यायचं, पुढे महिन्याला काही नाही. डीडी सह्याद्री त्यावर आहेच. खासगी चॅनेल लिलावात जागा घेतात, त्यामुळे ते बदलत राहतात, आणि पैसे मोजायच्या चॅनेलची अपेक्षा त्यावर धरू नये. आईला ठरावीक मालिका हवीच असेल तर पैशाची डिश घ्या आणि आल्यावरच रिचार्ज मारा. केबलही तात्पुरती थांबवून मिळते, फक्त तसं सांगून, लिहून घ्या.

बिलाचंही थोडं. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या नियामक संस्थेने नियम लागू केला की ज्याचे पैसे भरायचे ते चॅनेल ग्राहकाने निवडायचे. जोडणीच्या मूळ आकाराला तेव्हा १३० रुपये अधिक कर अशी मर्यादा होती. ती मर्यादा २०२४ मध्ये उठवली. म्हणजे आता दर विचारूनच घ्यायला हवा. पण निवडीचा हक्क कायम आहे. आमच्याकडे दहांतले नऊ जण तो वापरत नाहीत, केबलवाला किंवा कंपनी देईल ते पॅक घेतात आणि न समजणाऱ्या भाषांतल्या चॅनेलचेही पैसे भरतात.

हे सगळं ठरलं की मग टीव्ही. आता ते सोपं आहे.

साध्या केबलवर किंवा फ्री डिशवर बघणार असाल तर बत्तीस इंची पुरे, फार तर त्रेचाळीस. घरात चांगलं इंटरनेट असेल, यूट्यूबवर नमन, जाखडी, कबड्डीचे सामने बघणार असाल, तर मोठा फोर-के घ्यायला हरकत नाही. टीव्हीचे इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप हे ध्यानात ठेवा. त्रेचाळीस इंचीची रुंदी भरते साडेसदतीस इंच. जुन्या डबा टीव्हीसाठी शोकेसला जो खण ठेवलाय त्यात तो बसत नाही. मग सुतार येतो आणि सागाचं शोकेस कापलं जातं. मी हे पुष्कळदा पाहिलंय आणि दरवेळी वाईट वाटतं.

भिंतीवर लावणार असाल तर आधी भिंत बघा. आपली भिंत जांभ्याची, चिऱ्याची. वरून गिलावा गुळगुळीत, आत दगड सच्छिद्र. ड्रिल एखाद्या पोकळीत गेलं की प्लास्टिकचा गट्टू फिरत राहतो आणि टीव्ही भरवशावर लटकतो. लांब स्क्रू लावून घ्या, नाहीतर सरळ लाकडी फळी ठोकून तिच्यावर लावा. पश्चिमेची भिंत पावसात ओल धरते, ती टाळा.

दुकानातल्या चित्रावर भाळू नका. तिथे टीव्ही भडक मोडवर ठेवलेला असतो आणि खास त्याच्यासाठी केलेली समुद्राची फिल्म फिरत असते. आमच्या सावर्ड्यात सह्याद्री कला महाविद्यालय आहे. तिथला पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल की समुद्राचा रंग असा कुठेच नसतो. दुकानदाराला बातम्यांचा साधा चॅनेल लावायला सांगा आणि निवेदकाचा चेहरा बघा. मागे एचडीएमआयची किती भोकं आहेत ते मोजा, जुना बॉक्स असेल तर त्याच्या पिनांची जागा आहे का बघा. बत्तीस इंचांवरच्या टीव्हीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला आहे. बिलावर नजर टाका. आणि सर्वांत महत्त्वाचं, कंपनीचा माणूस सावर्ड्यापर्यंत येतो का, हे बिल करण्याआधी विचारा. पडदा फुटला तर वॉरंटी लागू होत नाही, आणि नवा पडदा बहुधा नव्या टीव्हीइतकाच महाग पडतो.

शेवटी एक हात जोडून सांगणं. डिश, पाइप, वायर यांचं काय ते मे महिन्यात उरकून घ्या. पावसात सिग्नल गेला तर दहा-वीस मिनिटं थांबा, सर ओसरली की तो येतो. विजा चमकायला लागल्या की टीव्हीचा प्लग काढा आणि डिशची किंवा केबलची वायरही काढा, कारण वीज दोन्हीकडून शिरते. आणि ओल्या कौलांवर, शेवाळलेल्या स्लॅबवर डिश फिरवायला कृपा करून कोणी चढू नका. मालिका उद्या सकाळी पुन्हा दाखवतात.