आशा आणि नवी वाट



कामात नवे काही घडते ते केवळ बुद्धीच्या तेजाने, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु कल्पना सुचणे निराळे आणि ती तडीस नेणे निराळे. अमेरिकन व्यवस्थापनशास्त्रज्ञ फ्रेड लुथान्स यांनी आशा, आत्मविश्वास, आशावाद आणि आघातातून सावरण्याची शक्ती यांना मिळून मनाचे भांडवल म्हटले. यांपैकी आशेचा अर्थ नीट ध्यानी घ्यावयास हवा. मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांच्या मते आशेत दोन गोष्टी येतात : ध्येय गाठण्याची जिद्द, आणि एक वाट खुंटली असता दुसरी शोधण्याचे सामर्थ्य. नुसती जिद्द असेल तर शिक्षक तोच पाठ अधिक मोठ्या आवाजात घेईल, एवढेच!

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. पालकांना दोष देऊन हा विषय तेथेच मिटविता आला असता. परंतु बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली, आणि अंगणवाडी जन्मास आली. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखीत. तेव्हा शाळा कुरणावर भरू लागली. ध्येय रेसभरही ढळले नाही, वाट मात्र प्रत्येक वेळी बदलली.

हे भांडवल जन्मजातच असते असे नाही. लहानशा यशाने, सहकाऱ्याच्या उदाहरणाने ते वाढते. आणि उपहासाने, कारणे दाखवा नोटिशीच्या धाकाने झपाट्याने आटते. फसलेला प्रयोग तपासणीच्या दिवशी दडवून ठेवावा लागत असेल, तर त्या शाळेतील शिक्षक पुढील वर्षी दुसरा प्रयोग करावयास धजणार नाही. त्याची हानी पाटीवर दिसत नाही, मागच्या रांगेतील न वाचणाऱ्या मुलास ती सोसावी लागते. म्हणून केंद्राच्या शिक्षण परिषदेत यशोगाथांच्या आधी एखादा न साधलेला पाठ मांडला जावा, आणि केंद्रप्रमुखांनी त्या शिक्षकास इतकेच विचारावे, ‘‘आता दुसरी कोणती वाट धरणार, आणि त्यासाठी काय हवे?’’