दोन मृत्यू, एक टाळी



गोविंद निहलानींच्या ‘अर्धसत्य’ या चित्रपटात सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकरच्या हातून दोन माणसे मरतात. चित्रपट १९८३ सालचा. त्यातला गुंड रामा शेट्टी आजही लोकांच्या बोलण्यात येतो. सदाशिव अमरापूरकरांच्या वाट्याला या भूमिकेत मोजकेच प्रसंग आले, तरी त्यावर त्यांची कारकीर्द उभी राहिली. शेवटी वेलणकर त्याचा गळा आवळतो आणि स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात जाऊन गुन्हा कबूल करतो. प्रेक्षकाचा अडलेला श्वास तिथे सुटतो, आणि टाळीही तिथेच पडते. दुसरा मृत्यू त्याच्या थोडा आधीचा आहे. एक किरकोळ चोर असतो, लहानसा रेडिओ चोरल्याच्या संशयावरून कोठडीत आणलेला. त्याआधी एका डाकूला पकडण्याची कामगिरी वेलणकरने जिवावर उदार होऊन केलेली असते आणि तिचे श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला गेलेले असते. वेलणकर दारू प्यायलेला असतो. तो त्या चोराला मारत सुटतो, दुसऱ्याच्या हक्काचे चोरल्याचा जाब त्याला विचारतो, आणि चोर मरतो. या चोराचे नाव कुणाला आठवते? ‘अर्धसत्य’ पाहिलेल्या शंभर जणांना विचारा. रामा शेट्टी शंभर जण सांगतील. कोठडीतला तो माणूस आठवायला बहुतेकांना थांबावे लागेल.

हात तेच, संताप तोच, मग टाळी एकाच मृत्यूला का पडते, हा माझा आजचा प्रश्न आहे. भ्रमनिरास झालेल्या पुरुषाचे काळेकुट्ट चित्र दाखवणारे चित्रपट आपल्याकडे आले, परदेशातही आले. त्यांच्याविषयी बोलताना आपण दिग्दर्शक, पटकथा, अभिनय यांच्यावर बोलतो. प्रेक्षक काय करतो, कुठे टाळी वाजवतो, कुठे गप्प बसतो, काय लक्षात ठेवतो आणि काय विसरतो, हे मात्र आपण कलेच्या चर्चेत धरत नाही. माझ्या मते ते धरायला हवे. प्रेक्षकाची टाळी समाजाविषयी जे सांगते, ते समीक्षकाच्या लेखात क्वचितच सापडते.

‘अर्धसत्य’चे बीज श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेत आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. तेंडुलकरांनी वेलणकरला नुसता प्रामाणिक पोलीस म्हणून उभे केलेले नाही. त्याला पुढे शिकायचे होते, पण बापाने पोलिसात ढकलले. बाप स्वतः पोलिसातला, घरात बायकोवर हात उगारणारा. लहान अनंतने ती मारहाण पाहिलेली आहे आणि त्याला मध्ये पडता आलेले नाही. पुढे त्याची मैत्रीण ज्योत्स्ना त्याच्या हाती दिलीप चित्र्यांची कविता देते. तिच्यात पौरुष आणि नपुंसकत्व तराजूच्या दोन पारड्यांत ठेवलेली आहेत. ती वाचताना वेलणकरचा चेहरा उतरत जातो. ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्या मते, त्या पुरस्कारावर शेवटच्या मारामारीपेक्षा या वाचनाचा हक्क जास्त आहे. वेलणकरला छळणारा प्रश्न भ्रष्टाचाराचा आहेच, पण त्याखाली आणखी एक प्रश्न आहे: मी पुरुष आहे की नाही? भ्रष्ट व्यवस्था त्याला हतबल करते, आणि हतबलता म्हणजे नामर्दपणा, हे त्याला घरातूनच शिकवलेले आहे. म्हणून अपमान झाला की त्याला हात उचलण्यावाचून दुसरी भाषा सुचत नाही.

अपमान पाण्यासारखा उताराकडे वाहतो. वरच्याने केलेला अपमान वर परतवता येत नाही, म्हणून तो खाली जो सापडेल त्याच्यावर ओतला जातो. रामा शेट्टीच्या घरी वेलणकर अटक करायला जातो आणि एका फोनवर त्याला हात हलवत परत यावे लागते. त्या दिवशीचा अपमान, हिरावलेल्या श्रेयाचा अपमान, बापाच्या घरातला अपमान, हे सगळे शेवटी कोठडीतल्या त्या चोराच्या अंगावर फुटतात. तो अंगठ्याएवढा माणूस आहे, त्याच्यामागे कुणी नाही, त्याच्यासाठी कुणाचा फोन येणार नाही. रामा शेट्टीचा खून हा त्या उताराला अपवाद आहे. तोही कधी घडतो? चोराच्या मृत्यूतून सुटण्यासाठी वेलणकर रामा शेट्टीकडे मदत मागायला जातो, तेव्हा. न्यायासाठी तो तिथे गेलेलाच नसतो. हे सगळे पडद्यावर आहे, कुणी लपवलेले नाही. प्रेक्षक ते पाहतो, आणि टाळी वाजवताना बाजूला ठेवतो.

आपल्या पुण्यात अपमानाचा हा उतार आधी दिसून गेला आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. लेखक तेच तेंडुलकर, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले आणि त्यातून पुढे थिएटर अकॅडमी निघाली. वाद झाला तो नाना फडणवीसांच्या चित्रणावरून. त्या वादाच्या धुळीत घाशीराम मात्र दिसेनासा झाला. घाशीराम हा वेलणकरचा पूर्वज आहे. परगावाहून आलेला, चोरीचा आळ घेऊन पुण्याने तुडवलेला हा माणूस. सूड घ्यायचा म्हणून तो कोतवाली मिळवतो, आणि तिची किंमत म्हणून स्वतःची मुलगी नानाच्या हवाली करतो. अपमानाचा पहिला उतार त्याच्या घरातच आहे. त्यानंतर पुण्याचा नंबर लागतो. इतिहासातल्या घाशीरामचा शेवट १७९१ सालचा. त्याच्या कैदेत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. कोतवालाच्या कोठडीतले मृत्यू आणि त्यानंतर रस्त्यावरचा उन्माद, ही जोडी या शहराने दोनशे वर्षांपूर्वी पाहिलेली आहे. त्या जमावात आपले पूर्वजही असतील.

‘अर्धसत्य’नंतर बावीस वर्षांनी, २००५ साली, निशिकांत कामतांचा ‘डोंबिवली फास्ट’ आला. त्याला त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संदीप कुलकर्णींचा माधव आपटे हा बँकेतला कारकून आहे, नियमाने जगणारा, रोज तीच लोकल पकडणारा. शीतपेयाच्या बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा दुकानदार जास्त पैसे मागतो. हे दोन-चार रुपये आपण सगळे रोज सोडून देतो. आपटे सोडत नाही, तो बॅट उचलतो. कल्याण-डोंबिवलीच्या प्रेक्षकाला, आणि पुण्याच्याही, तो आपल्या घरातला माणूस वाटला यात नवल नाही. या चित्रपटाची तुलना नेहमी ‘फॉलिंग डाऊन’ या १९९३ च्या अमेरिकी चित्रपटाशी होते. तिथला नायक वाहतूक कोंडीत गाडी सोडून निघतो, आणि त्याच्या उन्हाने तापलेल्या चिडचिडीत प्रेक्षक सहज सामील होतो. पण त्याच्या घटस्फोटित पत्नीने त्याला दूर ठेवण्यासाठी कोर्टाचा आदेश घेतलेला आहे, हे आपल्याला सांगितलेले असते. रस्त्यावर त्याला कुणी दुखवण्याच्या कितीतरी आधीपासून घर त्याला घाबरत होते. प्रेक्षकाला कोंडी लक्षात राहते आणि आदेश विसरला जातो. आपटेची बॅटही हाताच्या टप्प्यात येईल त्याच्यावरच पडू शकते. किमती ठरवणारे आणि कायदे वाकवणारे त्या टप्प्यात कधी उभे नसतात, तिथे दुकानदार उभा असतो.

आता ‘अर्धसत्य’च्याच काळातला आणखी एक चित्रपट शेजारी ठेवून पाहा. १९८२ चा ‘उंबरठा’. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच, मूळ कादंबरी शांता निसळांची ‘बेघर’, आणि सुलभा महाजनच्या भूमिकेत स्मिता पाटील, म्हणजे पुढच्याच वर्षीच्या ‘अर्धसत्य’मधली ज्योत्स्ना. सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक होते. संचालक मंडळाचा स्वार्थ, आश्रमातल्या बायकांचे हाल, वरून येणारा दबाव, सगळे वेलणकरच्या वाट्याला आले तेच. तिचाही भ्रमनिरास होतो. ती राजीनामा देते, घरी परतते, तिथे आपली जागा उरलेली नाही हे पाहते, आणि पुन्हा निघते. शेवटी ती आगगाडीत बसलेली दिसते. संस्था सडलेली आहे हे वेलणकरइतकेच तिलाही कळलेले आहे. तिने कुणाचा गळा धरला नाही, कारण आपला अपमान कुणाच्या तरी अंगावर उतरवला पाहिजे, असे तिला कुणी शिकवलेले नव्हते. आणि तिला टाळी मिळाली नाही. तिने मूल सोडून जावे का, हा प्रश्न मिळाला. वेलणकरने नोकरीत माणूस मारला तरी त्याच्या दुःखाविषयी आपल्या मनात शंका येत नाही. सुलभाने नोकरीसाठी घर सोडले की तिच्या दुःखाला आधी खुलासा द्यावा लागतो. मला हा फरक फार लागतो.

माझ्या या म्हणण्यावर काही आक्षेप येतील आणि त्यांत तथ्य आहे. पहिला असा की दोष प्रेक्षकाचा नाही, कॅमेऱ्याचा आहे. निहलानी मुळात छायालेखक. दोन तास त्यांचा कॅमेरा वेलणकरच्या चेहऱ्याला चिकटून राहतो, मग प्रेक्षक त्याच्या बाजूने गेला तर नवल काय? हे मला बरेचसे मान्य आहे. ‘डोंबिवली फास्ट’च्या बाबतीत तर आणखी मान्य आहे, कारण तिथे बॅटीच्या फटक्यांना लय आहे आणि लय प्रेक्षकाला ओढून नेते. पण कोठडीतल्या त्या प्रसंगातही कॅमेरा वेलणकरजवळच आहे. तिथे टाळी पडत नाही, म्हणजे प्रेक्षक निवड करतो. ती निवड त्याची स्वतःची आहे.

दुसरा आक्षेप विरेचनाचा. माणूस दिवसभर अपमान गिळतो, थिएटरात जाऊन तो बाहेर टाकतो आणि हलका होऊन घरी येतो, यात वाईट काय? टाळी थिएटरात संपली असती तर मीही हेच म्हणालो असतो. सिनेमामुळे लोक हिंसक होतात असे मी म्हणत नाही, तसे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. मी एवढेच म्हणतो की जी टाळी थिएटरात ऐकू येते, तीच बाहेर रस्त्यावरही ऐकू येते. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आरोपींवर जाणूनबुजून गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष आयोगाने २०२२ मध्ये दिला. आपल्या बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराने लोक रुळांवर उतरले. तो संताप खरा होता, न्याय्य होता. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. मिठाई वाटली गेली, ‘बदला पुरा’ असे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. त्याने त्या मृत्यूला पाच पोलिसांना जबाबदार धरले होते. या अहवालाची टाळी कुणी वाजवली नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे आणि तो मी टाळणार नाही. न्यायालयात खटले वर्षानुवर्षे चालतात, साक्षीदार फुटतात, रामा शेट्टी निवडणुकीला उभे राहतात. मग सामान्य माणसाने करायचे काय? टाळीसुद्धा वाजवायची नाही? या माणसाची तक्रार खोटी आहे असे मी एका शब्दानेही म्हणणार नाही. वेलणकरची तक्रार खरी आहे, आपटेचीही खरी आहे. पण कायदा बाजूला ठेवून हात चालवण्याची मुभा आपण टाळी वाजवून ज्याला देतो, तो हात रामा शेट्टीपर्यंत सहसा पोहोचत नाही. रामा शेट्टीकडे फोन आहे. पोहोचतो तो रेडिओ चोरल्याचा संशय असलेल्या माणसापर्यंत. ‘अर्धसत्य’मध्ये चोर आधी मरतो आणि रामा शेट्टी नंतर, हा क्रम पटकथेत नीट जुळवलेला आहे. चित्रपटाचा युक्तिवाद या क्रमात आहे, शेवटच्या प्रसंगात नाही. न्याय उशिरा मिळतो म्हणून टाळी वाजवणाऱ्याने हेही पाहावे की अशा झटपट न्यायाच्या दारात पहिला नंबर कुणाचा लागतो.

ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह हे दोघेही आपल्या पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडले. नसीरुद्दीन ‘अर्धसत्य’मध्ये माईक लोबो झाले आहेत, निलंबित, दारूत बुडालेला पोलीस अधिकारी. वेलणकरच्या पुढे असलेली दुसरी वाट म्हणजे लोबो. त्याने अपमान खाली ओतला नाही, स्वतःवर ओतला, आणि तो रस्त्यावर मेला. आपल्या पुरुषांपुढे आपण या दोनच वाटा ठेवतो. तिसरी वाट सुलभाने घेतली, तर तिलाच आपण घराबद्दल जाब विचारला.

‘अर्धसत्य’ पुन्हा पाहण्याची संधी आली तर एवढे करा. कोठडीतला प्रसंग येईल तेव्हा खाली पाहू नका, शेजारच्याशी बोलू नका. वेलणकरकडे न पाहता, त्याच्यासमोर मार खाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहा. आणि घरी मुलगे असतील तर त्यांनाही सोबत बसवा.