क्रीडामंडळ विद्यापीठांत काय पाहतें?

नोव्हेंबर २०१२ मध्यें अमेरिकेंतील 'बिग टेन' नांवाच्या क्रीडामंडळानें रटगर्स विद्यापीठास आपलें सभासद करून घेण्याचें ठरविलें, तेव्हां खेळाच्या शौकिनांपैकीं पुष्कळांना नवल वाटलें. न्यू जर्सी संस्थानांतील हें विद्यापीठ जुनें व विद्येच्या दृष्टीनें मान्यवर आहे. महाविद्यालयांमधील पहिला फुटबॉल सामना १८६९ सालीं प्रिन्स्टनविरुद्ध त्याच्याच गांवीं झाला, हा मानही त्याच्याकडे जातो. (हातांत चेंडू घेऊन धांवण्याच्या या खेळास फुटबॉल कां म्हणावें, हें कोडें अमेरिकनांनींच सोडवावें!) परंतु पुढील दीर्घ काळांत त्या खेळांत रटगर्सचा दरारा क्वचितच बसला. मग मिशिगन व ओहायो स्टेट यांसारख्या मातबरांच्या पंक्तीस त्याला पाट कां मांडला गेला?

एकमेकांशीं नियमित सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या अशा मंडळांचा जन्म निराळ्याच हेतूनें झाला होता. गेल्या शतकापूर्वींच्या त्या काळीं विजयाच्या हव्यासापायीं कांहीं महाविद्यालयें पैसे देऊन धट्टेकट्टे गडी आणीत व विद्यार्थी म्हणून मैदानांत उतरवीत. हा अनाचार थांबावा म्हणून जानेवारी १८९५ मध्यें पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकारानें सात विद्यापीठांचे प्रमुख शिकागोस जमले. पुढल्या वर्षीं मंडळ स्थापन झालें. आगगाडीनें गांठतां येईल असें अंतर, तोडीचा अभ्यासक्रम व तोडीचा संघ, एवढ्यावर स्नेह जमे. या संस्थापकांपैकीं शिकागो विद्यापीठानें १९३९ सालीं फुटबॉलच सोडून दिला आणि १९४६ सालीं मंडळाचाही निरोप घेतला. विद्येंत त्याचें स्थान अढळ राहिलें. पंक्तींतील पाटावर मात्र १९४९ सालीं मिशिगन स्टेट येऊन बसलें.

खरा पालट टेलिव्हिजननें केला. किती सामने दाखवावे यावर पूर्वीं राष्ट्रीय क्रीडासंस्थेचा ताबा होता. १९८४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो बेकायदेशीर ठरविला व सामने विकण्याची वाट मोकळी झाली. २००७ सालीं बिग टेननें स्वतःची वाहिनीच काढली. केबल घेणाऱ्या प्रत्येक घराकडून दरमहा कांहीं रक्कम या वाहिनीस मिळे, आणि ज्या संस्थानांत मंडळाचें सभासद-विद्यापीठ असेल तेथें हा दर बराच चढा असे. रटगर्सचें कोडें येथें उलगडतें. न्यू जर्सी म्हणजे न्यूयॉर्कचें अंगण! संघ हरो वा जिंको, लक्षावधि घरें हिशेबांत आलीं. त्याच वेळीं घेतलेल्या मेरीलँडच्या पाठीशीं वॉशिंग्टन व बाल्टिमोर हीं शहरें होतीं.

विद्वत्तेस कांहींच किंमत नाहीं, असें मात्र नव्हे. संशोधनांत अग्रेसर असलेल्या विद्यापीठांची 'असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज' ही संघटना आहे; तिचें सभासदत्व बिग टेनच्या विद्यापीठांना मोठें भूषण वाटतें. परंतु नेब्रास्का विद्यापीठाचें हें सभासदत्व २०११ सालीं, मंडळांतील प्रवेशाच्या तोंडावरच, गेलें, तरी त्याचा पाट कोणी उचलला नाहीं. फुटबॉलवेडें आख्खें संस्थान त्याच्या मागें उभें होतें.

कांहीं ठिकाणीं तर वधूपक्षानें हुंडा द्यावा तसा प्रकार घडला. डॅलस येथील सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठानें अटलांटिक किनाऱ्यावरील मंडळांत २०२४ सालीं प्रवेश मिळविला, तो टेलिव्हिजनच्या उत्पन्नांतील वाटा नऊ वर्षें न घेण्याच्या अटीवर. धनिक माजी विद्यार्थी पाठीशीं असल्यावांचून अशी बोली कोण करील?

सर्वांत मोठी उलथापालथ पश्चिम किनाऱ्यावर झाली. तेथील 'पॅक-ट्वेल्व्ह' मंडळाची परंपरा १९१५ पासूनची. ३० जून २०२२ रोजीं लॉस एंजलिसमधील दोन्ही मोठीं विद्यापीठें त्यांतून फुटून बिग टेनकडे जाणार असें जाहीर झालें. लगेच ऑगस्टमध्यें बिग टेननें सात वर्षांसाठीं सात अब्ज डॉलरांहून मोठा करार केला. पुढल्या वर्षीं ऑरेगन व वॉशिंग्टन यांनींही तीच वाट धरली. २०२४ पासून या 'दहां'च्या मंडळांत अठरा सभासद आहेत! लॉस एंजलिसहून रटगर्स सुमारें अडीच हजार मैल. फुटबॉलचा संघ वर्षांतून थोडेच सामने खेळतो. पण व्हॉलीबॉल किंवा सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना हा प्रवास वारंवार करावा लागतो, आणि परीक्षेचीं पुस्तकें विमानांतच उघडावीं लागतात. टेलिव्हिजनचे कोट्यवधि डॉलर मुख्यतः ज्यामुळें येतात तो खेळ त्यांचा नव्हे. शीण मात्र त्यांच्या वांट्यास येतो.

मागें उरलीं दोन विद्यापीठें: कोर्व्हॅलिसचें ऑरेगन स्टेट आणि पुलमनचें वॉशिंग्टन स्टेट. गव्हाच्या टेकड्यांमध्यें वसलेलें पुलमन हें लहानसें गांव. त्याच्या संघानें २०१८ सालीं अकरा सामने जिंकून केवळ दोन गमावले होते. ऑरेगन स्टेटनें २०२२ सालीं दहा सामने जिंकले. तरीही त्यांना कोणी बोलावलें नाहीं. दोष खेळाचा नव्हता; त्या गांवांभोंवतीं मोजण्याजोगीं घरें नव्हतीं.

दोघांनीं न्यायालयांत जाऊन मोडलेल्या मंडळाचा कारभार व शिलकीचा पैसा आपल्या हातीं राखला. २०२४ सालीं खेळावयास प्रतिस्पर्धी मिळेनात, तेव्हां शेजारच्या 'माउंटन वेस्ट' मंडळानें फुटबॉलचे सामने देऊन त्यांची अडचण निभावली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पॅक-ट्वेल्व्हनें नवे सभासद जाहीर केले: बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि फ्रेस्नो स्टेट. हीं चारही विद्यापीठें माउंटन वेस्टमधूनच घेतलेलीं होतीं.