अक्षावरचे आकडे आणि वाचकाचा अधिकार



 संख्याशास्त्राच्या व आलेखनाच्या व्यवसायातील आपल्या या परिषदेच्या अध्यक्षाने सरत्या वर्षातील प्रगतीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. डॅशबोर्ड तालुक्याच्या कचेरीपर्यंत पोहोचले, आलेख छापील कागदावरून मोबाइलच्या पडद्यावर आला, नकाशे रेखाटण्याची साधने सुलभ झाली. या सर्वांचा तपशील स्मरणिकेत आलाच आहे. म्हणून त्याची पुनरुक्ती न करता, पुष्कळ वर्षे माझ्या मनात सलत असलेली एकच गोष्ट आज आपल्यापुढे मांडण्याची मुभा घेतो.

ती गोष्ट म्हणजे, आकडा पडद्यावर कसा उमटावा हे ठरवणाऱ्या त्या चिमुकल्या सूत्राची, ज्याला आपण कामाच्या बोलीत फॉरमॅट म्हणतो त्याची, आपल्या व्यवसायाने चालवलेली उपेक्षा. रंग कोणता असावा, स्तंभ उभे असावेत की आडवे, यांवर आपण तासन्‌तास वाद घालतो; आणि ज्या आकड्यासाठी हा सारा खटाटोप, तो मात्र सॉफ्टवेअरच्या कर्त्याने आपल्या देशाच्या सवयीने जसा ठेवून दिला असेल तसाच निमूटपणे वाचकाच्या पुढ्यात टाकतो. माझे प्रतिपादन एवढेच आहे की, फॉरमॅट हा आलेखाचा अलंकार नव्हे. तो वाचकाशी केलेला करार आहे, आणि त्या कराराची भाषा वाचकाच्या गणनेची असली पाहिजे.

आपली गणना कशी आहे, ते पाहावे. सहस्रापुढे आपण प्रत्येक शतपटीला नाव देतो: लाख, कोटी, अब्ज. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नामावळी आहे, आणि त्या परंपरेच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद करणारा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. उजवीकडून पहिला स्वल्पविराम तीन अंकांनंतर आणि पुढचा प्रत्येक दोन अंकांनंतर देण्याची आपली रीत ही या गणनेचीच दृश्य खूण आहे. स्वल्पविराम जिथे पडतो तिथेच स्थानाचे नाव उच्चारले जाते. १,२३,४५,६७८ हा आकडा मराठी माणूस न अडखळता एक कोटी तेवीस लाख असा वाचतो. तोच १२,३४५,६७८ असा लिहिला, की त्याला शेवटापासून अंक मोजत परतावे लागते, आणि तेवढ्या वेळात आलेखाने सांगायचे ते निसटून जाते.

यावर काही सन्मान्य सहकारी म्हणतात की, मिलियन ही आंतरराष्ट्रीय रीत आहे आणि साधने तिलाच अनुकूल आहेत. ती रीत प्रत्यक्षात कशी चालते, ते मी एका जिल्ह्याच्या नियोजनाच्या बैठकीत पाहिले. निधीच्या वाटपाचा मोठा देखणा आलेख भिंतीवर झळकत होता, आणि त्याच्या उभ्या अक्षावर दीडशे कोटींच्या जागी ‘१.५ जी’ असे लिहिले होते. कारण ज्या साधनाने तो काढला होता त्यातील संक्षेपाची खूण मापनशास्त्रातील उपसर्ग वापरते, आणि त्या पद्धतीत अब्जाला गिगा म्हणतात. सभेतील एकाही लोकप्रतिनिधीने त्या अक्षराचा अर्थ विचारला नाही. सभाध्यक्षांनी शांतपणे कारकुनाला हाक मारली, लाखांत मांडलेला छापील तक्ता मागवला, आणि पुढची सारी चर्चा त्या तक्त्यावर झाली. आलेख भिंतीवर तसाच राहिला. त्याच्याकडे कोणी मान वळवली नाही. आंतरराष्ट्रीय रीतीचा प्रश्न माझ्यापुरता त्या दिवशी निकालात निघाला.

आणि साधने आपल्याला अनुकूल नाहीत, हे म्हणणे तरी कितपत खरे आहे? निरनिराळ्या भाषांच्या लेखनरीतींचा जो सामाईक कोश युनिकोडच्या आश्रयाने जोपासला जातो, त्यात मराठीसाठी #,##,##0.### हे सूत्र नोंदलेले आहे. ब्राउझरला मराठीची खूण दिली, तर तो आपल्याच रीतीने स्वल्पविराम देतो, आणि अंकही देवनागरी देतो. पायथनच्या फॉरमॅटमधील स्वल्पविराम तीन-तीन अंकांवरच पडतो हे खरे. परंतु त्याच धर्तीवर बेतलेल्या डी-३ या आलेखनाच्या साधनात गटांची लांबी स्वतः सांगण्याची सोय आहे. सोय आहे, उणीव असेल तर ती वापरणाऱ्याच्या आस्थेत आहे. एका तरुण सहकाऱ्याने तिथे केवळ ‘तीन, दोन’ एवढेच लिहिले होते. ते साधन दिलेली यादी संपली की पुन्हा आरंभापासून फिरवते, त्यामुळे कोटीच्या आतले सर्व आकडे निर्दोष उमटले, आणि कोटी ओलांडताच १,२३,४५,६७८ चे १२३,४५,६७८ झाले. चाचणीचे सर्व आकडे लाखांतले होते. दोष दिसला तो आलेख छापून आल्यावर. तीननंतर दोन, दोन, दोन असे पुरेसे लिहावे लागते. जावाच्या जुन्या आकडेलेखनात याहून विचित्र प्रकार आहे: सूत्रात स्वल्पविराम कितीही द्या, शेवटच्या स्वल्पविरामापासून पूर्णांकाच्या टोकापर्यंतचे अंतरच तेवढे ते मानते आणि बाकीच्यांची दखल न घेता, कसलीही तक्रार न करता, तीन-तीनांचे गट पाडून देते.

एक्सेलमध्ये आपल्यापैकी बहुतेकांनी चालवलेली युक्ती आपण जाणताच: कोटीहून मोठ्या आकड्यांसाठी एक अट, लाखाहून मोठ्यांसाठी दुसरी, आणि उरलेल्यांसाठी तिसरा खंड. एका सूत्रात दोनच अटी बसतात, आणि ऋण आकडा त्या दोन्हींत न बसल्याने तिसऱ्या खंडात जाऊन पडतो. एका संस्थेच्या ताळेबंदाची रुजवात चालू असताना शिलकीचा आकडा ४५,६७,८९० असा आणि त्याच रकान्यातील तूट −४,५६७,८९० अशी उमटलेली मी पाहिली. हिशेबतपासनिसाने विचारले, की या दोन रकमा दोन निराळ्या दप्तरांतून आल्या आहेत काय? प्रश्न अगदी रास्त होता. लेखनरीत बदलली की वाचणाऱ्याला उगम बदलल्याचा संशय येतो, आणि आकड्याच्या बाबतीत संशय ही सर्वांत मोठी हानी आहे. तुटीच्या आकड्यांसाठी निराळे सूत्र लावायला कितीसा वेळ लागतो?

देवनागरी अंक वापरावेत की इंग्रजी, यावर या व्यासपीठावर पूर्वी कडाक्याचा वाद झाला आहे. मी गावोगावच्या सभांतून दोन्ही प्रकारचे तक्ते लावून पाहिले आहेत. ज्येष्ठ माणसे दोन्ही अंक सहज वाचतात; अडखळतात ती चुकीच्या जागी पडलेल्या स्वल्पविरामापाशी. तेव्हा तो वाद अंकांच्या आकाराचा कमी आणि स्थानांचा अधिक आहे, एवढे सांगून मी तो मिटवतो.

दशांशस्थळांबाबतही अशीच बेपर्वाई आढळते. तीन घरांपैकी दोन घरांत नळ आहे, हे ६६.६७ टक्के असे लिहिणाऱ्याने, मोजणी करणाऱ्यालाही नसलेली अचूकता वाचकाला विकलेली असते. आणि शून्याचे तर काय सांगावे! सूत्रातील हॅशची खूण निरर्थक शून्य गाळते, आणि शून्याची खूण ते ठेवते. एका दुष्काळी तालुक्याच्या पर्जन्याच्या तक्त्यात केवळ हॅश लिहिलेले सूत्र होते, म्हणून ज्या दिवशी पाऊस पडला नाही त्या दिवसाचा रकाना कोरा राहिला, आणि ज्या दिवशी पर्जन्यमापकाची नोंदच आली नाही त्या दिवसाचाही कोराच. पाऊस न पडणे आणि नोंद न होणे, यांत ज्यांच्या उभ्या पिकाचा प्रश्न होता त्यांना केवढे अंतर दिसत होते! एक्सेलच्या सूत्रात धन, ऋण, शून्य आणि मजकूर असे चार खंड मुद्दाम ठेवलेले आहेत; त्यांचा उपयोग करणे ही चैन नाही, ते सत्यकथन आहे.

या परिषदेने पुढे काय करावे? निरनिराळ्या साधनांत आपली लेखनरीत कशी साधावी, याची एक छोटी पुस्तिका सिद्ध व्हावी. लाख, कोटी व अब्ज ओलांडणारे, ऋण, शून्य आणि अनुपलब्ध असे चाचणीचे आकडे एकत्र करून नवशिक्यांच्या हाती द्यावेत. आणि ज्यांच्या साधनांत उणीव आहे त्यांच्याकडे रीतसर मागणी करावी. या कामांचा मसुदा तरुण सहकाऱ्यांनी यथावकाश तयार करावा. माझे साहाय्य त्यांना राहील.

परंतु एका गोष्टीसाठी पुस्तिकेची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्याच्या करातून आपली वेतने निघतात त्या माणसाला त्याच्याच पैशाचा आकडा परक्या गणनेत दाखवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. ज्या आलेखाचा अक्ष त्याच्या वाचकाला मोठ्याने वाचता येत नाही, तो आलेख अपुरा समजून परत पाठवावा, मग तो कोणत्याही नामवंताने केलेला असो; आणि हा नियम प्रथम या परिषदेत सादर होणाऱ्या आलेखांनाच लागू करावा, अशी अध्यक्ष या नात्याने माझी आग्रहाची सूचना आहे.